आक्काची जन्मतारीख

आयुष्यभर इतरांच्या निबंधांवर लाल शाई चालवलेल्या माणसाने निवृत्तीनंतर स्वतःच लिहायला बसावे, हा आगाऊपणा आहे याची मला जाणीव आहे. वाचकांनी क्षमा करावी. विषयही तसा क्षुल्लकच आहे: वाढदिवस.

कागदोपत्री माझा जन्म एक जूनचा. आमच्या बीड जिल्ह्यात गावेच्या गावे त्या दिवशी जन्मलेली आहेत. नाव घालायला आलेल्या पोराचा हात डोक्यावरून पलीकडच्या कानाला लागतो का, एवढे गुरुजी पाहत; आणि लागला की शाळा उघडताना वय बरोबर भरेल अशी तारीख लिहून मोकळे होत. पुढे मुख्याध्यापक झाल्यावर मीही दाखलखारीज रजिस्टरात तेच केले. त्यामुळे एक जूनला मोबाइलवर शुभेच्छा येऊ लागल्या की पाठवणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना मला त्याच शुभेच्छा परत द्याव्या लागतात. त्यांची तारीख माझ्याच अक्षरात आहे.

यंदा मात्र वाटले, आपण खरोखर कधी जन्मलो हे कळावे. सांगू शकेल असे माणूस एकच उरले होते: धर्मापुरीला दिलेली माझी थोरली बहीण. अलीकडे तिला सकाळचे दुपारी आठवत नाही. म्हणून उशीर न करता, परळीहून बिनअंड्याचा केक घेऊन गेलो.

“वडाच्या पुनवेला,” आक्काने क्षणात सांगितले. “आय वडाला सूत गुंडाळत हुती. चार फेऱ्या झाल्या न् कळा सुरू झाल्या. राहिलेल्या तीन मला घालाया लावल्या. मी नऊ-धा वर्साची.”

“लग्नाआधी वड पुजलास?”

“मग? त्या तीन फेऱ्या कुणाच्या नवऱ्याला लागल्या, द्येव जाणे.”

बाजेवरून दाजी म्हणाले, “मलाच लागल्या. आजून सुटका न्हाई.”

मी हसलो. उतारवयात का होईना, मला स्वतःचा जन्मदिवस मिळाला होता. तोही नेमका उपवासाचा.

केकचा दुसरा तुकडा संपवून आक्काने विचारले, “आन् माझा कवा असतो रे?”

तिला शाळेत घातलेच नव्हते, त्यामुळे तिच्या नावापुढे जूनसुद्धा कोणी लिहिला नव्हता. आधार कार्डाचा फॉर्म मात्र मी भरला होता, तिला न विचारता. मी खालच्या आवाजात सांगितले, “एक जानेवारी.”

“जानेवारी कावून?”

“सोपं पडतं, आक्का.”

“कुणाला?”

आईने कधी काही सांगितले होते का, असे मी विचारले.

“म्हणायची, तुझ्या टायमाला लई काम हुतं. बास, येवढंच.” मग तिने ताटली बाजूला सारली. “आता तूच लिही. मास्तर हायस न्हवं? वडाची पुनव नगं, उपास असतो. केक खाता यील असा दिवस बग. आन् लौकर येणारा बग.”

परत आल्यापासून पंचांग उघडे ठेवून बसलो आहे. आक्का सोमवार, एकादशी, चतुर्थी सगळे धरते, ते वगळले. एकेका पोराला ज्या हाताने अर्ध्या मिनिटात जन्म बहाल केला, तो हात आता चार दिवस अडून आहे. तिने मात्र कालच फोन करून विचारले, “घावला का?”

तुम्ही माझ्या जागी असता, तर तिच्यासाठी कोणता दिवस लिहिला असता?