जेबेल शम्सवरचे मीठ

‘जेबेल शम्सवर पोहोचताच अप्पासाहेबांनी गारांवर मीठ फेकले आणि गारांचा तत्काळ रेंदा झाला. त्या रेंद्यात माझा पाय घसरला, मी पाठीवर पडलो आणि उजवे मनगट मोडले. एका वयोवृद्ध सभासदाच्या हट्टापायी सहलीचा विरस झाला.’

मस्कतमधील आमच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष श्री. देवधर यांनी हा मजकूर मंडळाच्या स्मरणिकेत छापला आहे. ते पाठीवर पडले आणि त्यांचे मनगट मोडले, एवढे मला मान्य आहे. उरलेला मजकूर मला मान्य नाही. जो मनुष्य त्या सहलीत होता आणि ज्याची स्मृती अद्याप शाबूत आहे, त्याने गप्प बसणे म्हणजे असत्याला सही देणे होय.

वादाचे मूळ ओमानपासून फार दूर, रशियातील सोचीच्या डोंगरात आहे. २०१४ च्या फेब्रुवारीत माझा मुलगा मिलिंद मला तेथील हिवाळी ऑलिम्पिक पाहण्यास घेऊन गेला होता. एके दिवशी तो पोट बिघडल्यामुळे हॉटेलात पडून राहिला आणि मी एकटाच रोपवेच्या पाळण्यातून वर, क्रॉस-कंट्री स्कीइंगच्या मैदानावर गेलो. ‘मैदान’ हा आपला शब्द तेथे फसवा आहे. मी हयातभर सार्वजनिक बांधकाम खात्यात घाटरस्ते आखले, म्हणून सांगतो: त्या मार्गाचा साधारण तिसरा हिस्सा चढ, तिसरा उतार आणि उरलेला वरखाली हेलकावणारा, अशा हिशेबाने तो जंगलातून फिरवलेला होता. चढावर तरणेबांड खेळाडू तोंड उघडे टाकून धापा टाकीत होते. त्या दिवशी ऊन असे पडले होते की कित्येकांनी बाह्या कापून टाकल्या होत्या. बर्फाचा लगदा होऊ लागला, तेव्हा काही माणसे आली आणि पेरणी करावी तशी मार्गावर मीठ फेकीत गेली. काही वेळाने तोच मार्ग काठीने ठोकला तर वाजेल इतका टणक झाला. मी छायाचित्र काढले नाही. माझ्या डोळ्यांना साक्षीदार लागेल, असे तेव्हा मला वाटले नव्हते.

पुढच्या हिवाळ्यात मंडळाने या विषयावर माझे व्याख्यान ठेवले. देवधर रसायन अभियंता. त्यांनी टिपण वाचले आणि म्हणाले, ‘‘अप्पासाहेब, बाकी सगळं फर्स्ट क्लास. तेवढं मीठ काढून टाका. मिठानं बर्फ वितळतो, हे शाळेतली पोरंही सांगतील.’’

‘‘आइस्क्रीमच्या लाकडी पॉटात बर्फावर खडेमीठ का घालतात, तेही सांगतील काय?’’

‘‘त्या पॉटातला बर्फसुद्धा वितळतोच, अप्पासाहेब. व्याख्यान हवं असेल तर मीठ गाळा.’’

मीठ गाळणे म्हणजे मी जे पाहिले ते पाहिलेच नाही, असे व्यासपीठावरून कबूल करणे. मी नकार दिला. मिलिंद मात्र घरी म्हणाला, ‘‘बाबा, जाऊ द्या ना. तुम्हाला तसं वाटलं असेल.’’ देवधरांचा नकार मी पचवला असता. ‘वाटलं असेल’ हे मला पचले नाही.

जानेवारीतील त्या शुक्रवारी आम्ही मस्कतच्या अल् खुवैर भागातून जेबेल शम्स या ओमानमधील सर्वांत उंच डोंगराकडे पहाटे निघालो. पुढच्या गाडीत देवधर दांपत्य, मागच्या गाडीत मिलिंद, मी आणि सीबला राहणारे गावडे. गावडे मालवणचे, क्रेन चालवतात. निझवाच्या बाजारात त्यांनी भली मोठी सुरमई घेतली आणि ती खारवण्यासाठी खडेमिठाची पिशवीही. तेथेच आम्ही हलवा खाल्ला आणि काहवा (वेलदोडा घातलेली, बिनसाखरेची कॉफी) घेतला. देवधर कप हलवीत म्हणाले, ‘‘आज वर गारा पडल्या तर अप्पासाहेबांना प्रॅक्टिकल करता येईल!’’ सगळे हसले. मिलिंदही हसला.

घूल गावाच्या खाली आभाळ काळवंडले. वादीचे (एरवी कोरडे असणारे नदीचे पात्र) दगड पांढरे दिसत होते, पाण्याचा थेंब नव्हता. देवधरांनी गाडी पात्रात घातली, तोच समोरच्या काठावरून एका ओमानी म्हाताऱ्याने पिकअपचा भोंगा वाजवला आणि दोन्ही हात वर केले.

‘‘पीछे! पीछे जाओ! पानी आ रहा है!’’

देवधरांनी गाडी मागे घेतली न घेतली तोच वळणावरून तांबूस पाण्याचा लोंढा आला आणि त्यांची चाके जेथे होती तेथून एक अख्खे झाड वाहून गेले. देवधर वहिनी रडू लागल्या. परत फिरावे, असे मिलिंद हळूच म्हणाला. माझ्याही मनात तेच होते. परंतु पाणी ओसरल्यावर देवधर खाली उतरून मला म्हणाले, ‘‘काय अप्पासाहेब, घाबरलात?’’ मग परतणे शक्य नव्हते.

वरचा रस्ता खडीचा, एका बाजूस दरी, आणि पावसाने कडा खचलेल्या. मी आखला असता तर ती वळणे इतकी आवळली नसती. मिलिंद गाडी डोंगराच्या अंगाला धरून हळूहळू चढवीत होता. माथ्याजवळच्या पठारावर पोहोचलो तेव्हा ढग फाटले होते, वारा कोरडा आणि बोचरा होता आणि जमिनीवर चार बोटे गारांचा थर पसरला होता.

पाऊल टाकले की ते घोट्यापर्यंत आत जाई. सगळ्यांचे मोजे भिजले. गावडे बूट झटकीत होते, तोवर मी त्यांच्या हातातली पिशवी मागितली.

‘‘अप्पांनू, तुमी मीठ हय कित्याक टाकतास? माज्या सुरमयेक थोडा ऱ्हवांदेत!’’

मी एका सतरंजीएवढा पट्टा पायांनी तुडवून घेतला आणि त्यावर मूठमूठ मीठ पेरले. लोकरीच्या गोंडेदार की-चेन विकणारा एक ओमानी, सईद त्याचे नाव, जवळ येऊन उभा राहिला. ‘‘बाबा, खाना बनाएगा?’’ त्याने गंभीरपणे विचारले.

आरंभी पट्ट्याला पाणी सुटले, हे मी लपवीत नाही. देवधर टाळ्या वाजवीत म्हणाले, ‘‘खलास! झालं तुमचं ऑलिम्पिक!’’ मिलिंदने माझ्याकडे न पाहता दरीकडे पाहिले. मी त्याला ऐकू जाईल अशा बेताने सांगितले की मीठ थोडा बर्फ वितळवते हे खरे, परंतु त्या वितळण्याला लागणारी उष्णता ते उरलेल्या बर्फातूनच ओढून घेते. तो अधिक गार होतो आणि दाण्याला दाणा धरतो. थोडे थांबा. ‘‘इन्शाल्ला,’’ सईद म्हणाला. बाकीचे डब्यातील पुऱ्या खाण्यास गाडीकडे गेले.

मी पट्ट्याशेजारी उभा राहिलो. माझे पाय बधिर झाले, आणि खरे सांगायचे तर मनात पाल चुकचुकली. सोचीत हे काम जाणकारांनी केले होते, मी केवळ पाहिले होते. मीठ जास्त झाले असेल काय? माथ्याआड सूर्य गेला. वारा एकाएकी झोंबू लागला.

देवधर परत आले ते हात चोळीत. ‘‘चला, यल्ला! अंधाराच्या आत खाली उतरायचंय. अप्पासाहेब, जाता जाता तुमच्या पट्ट्याचं मी उद्घाटन करतो.’’ त्यांनी पाय उंच उचलला आणि टाच आत रुतवून दाखवण्याच्या इराद्याने पट्ट्यावर जोरात आपटली.

पुढचे फार वेगाने झाले. त्यांचे दोन्ही पाय हवेत गेले, ते पट्ट्यावर आडवे आदळले आणि किंचाळले. सगळे धावले. त्या धावपळीत पट्ट्याकडे कोणी पाहिले नाही. गावडेंनी त्यांना काखेत हात घालून उठवले, मी पाठीला आधार दिला. मनगट वेडेवाकडे झाले होते.

‘‘देवधर,’’ मी म्हणालो, ‘‘टाच रुतली काय?’’

‘‘बाबा!’’ मिलिंद ओरडला. ‘‘माणूस कळवळतोय आणि तुम्हाला वादाचं पडलंय? एक शब्दही नको आता!’’

मी शब्द काढला नाही. त्या उतरणीवर नाही, निझवाच्या इस्पितळात त्यांच्या हाताला प्लास्टर घालीपर्यंत नाही आणि अल् खुवैरला घरी पोहोचेपर्यंत नाही. व्याख्यान रद्द झाले तेव्हाही नाही. दुखणाऱ्या माणसाला हरवण्यात शौर्य नसते, एवढे मला समजते. परंतु दुखणे बरे झाल्यावर त्या माणसाने रेंदा छापावा आणि माझ्या मुलाने तो वाचून घडी घालून माझ्यासमोर ठेवावा, हे सहन करणे मला कोणी शिकवले नाही.

प्रवासाहून माणूस काय घेऊन परततो, असे विचारतात. मी तळहातावरील एक स्पर्श घेऊन परतलो. मिलिंद, हे तुझ्यासाठी लिहितो. रेंद्यात पाठीवर पडलेला मनुष्य भिजतो. त्यांना उठवताना मी त्यांच्या पाठीवर उघडा हात ठेवला होता; त्यांचा कोट कोरडा होता.