थेंबातली हिर

केजजवळच्या युसूफ वडगाव या गावात गुरुपादचा फोटो स्टुडिओ होता. लग्नसराई आणि दूध सोसायटीच्या सभा यांवर त्याचं घर चाले. उरलेल्या वेळात तो घरीच पाण्याच्या थेंबांचे फोटो काढी. खिडक्यांना घोंगड्या लावून भर दुपारी खोली अंधारी करायची, पाणी भरलेल्या परातीवर सलाईनची नळी टांगायची आणि पाठोपाठ दोन थेंब सोडायचे. पहिला थेंब परातीत पडून खांबासारखा वर उसळे, दुसरा त्याच्यावर आदळून छत्रीसारखा फाके. नेमका तेवढ्यात फ्लॅश उडाला तर फोटो मिळायचा. बहुतेक फसत.

२०१६च्या उन्हाळ्यात दुष्काळामुळं जनावरं चारा छावणीला गेली, दूध आटलं. सोसायटी आपल्या दुधाच्या टँकरमधून गावाला पाणी वाटू लागली. गुरुपादची बायको महानंदा वैतागली.

"अवो, प्यायला पाणी न्हाई अन् तुमी त्याचे फोटो कावून काढताव?"

"एक तांब्याच घेतो. मग बेलाच्या झाडाला घालतो."

त्या पाण्यात दुधाचा किंचित अंश होता. छत्र्या सुरेख उमटू लागल्या. पण त्यांच्या वर नळीला लटकलेल्या थेंबात एक गोल उजेड दिसायचा. गुरुपादचा फ्लॅश चौकोनी होता. उजेडही चौकोनीच यायला हवा होता. त्यानं फोटो मोठा करून पाहिला. गोलाला दगडी कड होती. कडेवरून तिघीजणी आत वाकल्या होत्या. एकीनं हात खाली लांबवला होता.

खोलीत त्याच्याशिवाय कुणीच नव्हतं. त्यानं लेन्स पुसली, परात दुसऱ्या खोलीत नेली. पुन्हा तेच. केजहून जारचं पाणी आणलं, तेव्हा थेंबात नुसता चौकोनी उजेड आला. टँकरचं पाणी घेतलं, की त्या तिघी हजर. सगळे फोटो त्यानं ओळीनं लावले. पुढच्या प्रत्येक फोटोत गोल आधीपेक्षा लहान होत गेला होता.

त्यानं ते महानंदाला दाखवले. "ही हिर हाय," ती म्हणाली. "आत पडून बुडत चाललेल्याला खालून दिसंल तशी."

गुरुपाद तडक टँकरवाल्या बंकटकडं गेला. "पाणी कुठून भरतो बे?"

"भगवानरावाच्या मळ्यातल्या हिरीतून. गेल्या साली मंजुळाबाईची सत्यभामा गेली ना, तीच हिर." मग त्यानं विचारलं, "कावून?"

गुरुपादनं सांगून टाकलं, आणि वाटेतच पस्तावला. मंजुळाबाईची ही एकच लेक होती. पाणी शेंदताना तिचा तोल गेला होता. म्हातारीला हे कळता कामा नये, असं नवराबायकोनं ठरवलं.

पण बंकटच्या तोंडून ऐकून दुसऱ्या दिवशी मंजुळाबाई स्वतःच दारात उभी राहिली. "दाखव बाबा."

नाही म्हणणं गुरुपादला जमलं नाही. पहिला फोटो तिनं डोळ्यांजवळ धरला. "ही वत्सला. ही केशर. अन् ही मी. लई हाका मारल्या रे. मानसं दोर घिऊन येस्तोवर समदं संपलं हुतं." तिनं गोलावर बोट टेकवलं. "माझी सत्यभामा वर बघत हुती का?"

महानंदा तिच्याजवळ बसली. "हां मावशी. बघत हुती."

"मला वाटायचं, माझी हाक तिला गेलीच न्हाई."

गुरुपादनं तो पहिला, स्पष्ट फोटो तिला देऊ केला. मंजुळाबाईनं तो बाजूला सारला आणि ओळीतला शेवटचा उचलला. त्यात गोल ज्वारीच्या दाण्याएवढा उरला होता. माणसं ओळखूच येत नव्हती.

"ह्यात काय दिसतंय, मावशी?"

"काय न्हाई," ती म्हणाली. "पर हितपर्यंत ती माझ्याकडं बघत हुती."

फोटो पदरात गुंडाळून ती ऊन उतरायच्या आत निघून गेली.

गुरुपादनं त्या पाण्याचे फोटो पुन्हा काढले नाहीत. टँकर मात्र पाऊस लागेपर्यंत त्याच विहिरीवर भरला जात होता. दुसरं पाणीच नव्हतं, गाव तेच पीत राहिलं. महानंदाही प्यायली, फक्त पेला तोंडाला लावताना ती डोळे मिटून घेई.