सुरगाण्याच्या डोंगरात, कॉफीची मुळं बघायला

लीलाबाईंचा फोन आला तेव्हा मी वर्गात होते. मधल्या सुट्टीत उलट फोन केला तर त्या एवढंच म्हणाल्या, "ताई, तुमची बुरशी टाकलेली झाडं जळाली. पानं गळत्यात." मी शनिवारची रजा टाकली.

आधी थोडं सांगते. मी नाशिकला ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. मातीत काही बुरश्या अशा असतात, की त्या झाडाच्या मुळात शिरतात आणि बाहेर लांबवर धागे सोडतात. मुळं जिथे पोचत नाहीत तिथलं पाणी आणि स्फुरद आणून देतात, बदल्यात झाडाकडून साखर घेतात. ही मायकोरायझा बुरशी मी गच्चीवर कुंड्यांमध्ये ज्वारीच्या मुळांवर वाढवते. सुरगाण्यापलीकडच्या एका पाड्यावर राहणाऱ्या लीलाबाईंची ओळख महिला शेतकऱ्यांच्या मेळाव्यात झाली. त्यांचा भाऊ कर्नाटकात कॉफीच्या मळ्यात कामाला होता, त्याने आणलेली चाळीस रोपं त्यांनी आंबा-फणसाच्या सावलीत लावायची ठरवली होती. पावसाळ्यात लावताना प्रत्येक खड्ड्यात मूठभर टाकायला मी माझ्या कुंड्यांमधली बुरशीची माती दिली. मोठ्या खात्रीने दिली. आता त्याच खात्रीची भीती वाटत होती.

नोव्हेंबरअखेर होती, हवा छान गार. पहाटेची एसटी पकडली. दिंडोरी, वणी, बोरगाव करत सुरगाण्याला पोचायला तीन तास धरा. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे खर्च किरकोळ. वणीला बस थांबते तेव्हा चहा घ्या, पुढे घाटात काही मिळत नाही. दिंडोरीच्या आसपास दोन्ही बाजूंना द्राक्षबागा आणि धूर सोडल्यासारखे फवारत जाणारे ट्रॅक्टर. वळणं सुरू झाली की बागा संपतात, कापलेल्या भाताची खाचरं दिसू लागतात. एरवी मी खिडकीला नाक लावून बसले असते. त्या दिवशी डोक्यात एकच होतं: कुंड्यांमधून एखादा रोग तर नाही ना पाठवला मी?

सुरगाण्याहून पाड्यापर्यंत जीप. भरल्याशिवाय सुटत नाही आणि परतीची शेवटची चारच्या सुमाराला जाते, हे लक्षात ठेवा. शेजारच्या आजींनी विचारलं, "कोणाकडं जायचं?"

"लीलाबाईंकडे. कॉफी बघायला."

"त्या झुडपांना बघायला नाशिकवरनं?" त्या हसल्या. "त्यापरीस नागली लावती तर भाकर तरी झाली असती."

नागली म्हणजे नाचणी, इथलं रोजचं धान्य.

लीलाबाई रस्त्यावरच उभ्या होत्या. रागावल्या नव्हत्या, तेच जास्त जड गेलं. पाणीसुद्धा न घेता आम्ही उतारावर गेलो. घराजवळच्या दोन ओळी करपलेल्या, पानांच्या कडा काळ्या, अर्धी पानं खाली पडलेली. पण त्यांच्या खालच्या दोन ओळी हिरव्यागार! माती तर चारही ओळींत टाकली होती. मग मी खाली वाकले आणि खोडाशी निळसर डाग दिसले.

"लीलाबाई, हे निळं काय?"

त्यांनी वाकून पाहिलं. मग घराकडे तोंड करून हाक मारली, "अहो, जरा इकडं या!"

त्यांचे यजमान, काशिनाथभाऊ, दिंडोरीच्या बागांमध्ये फवारणीचं काम करतात. भातकापणीला घरी आले होते. डाग पाहून त्यांनी टोपी काढली.

"मोरचूद हाय," ते म्हणाले. "मीच मारलं."

"अन् मला सांगितलं नाय?" लीलाबाई.

"काय सांगू? दहा वरसं द्राक्षात राबतो. बुरशी दिसली की मालकाची झोप उडती. अन् इथं कळलं, बायकोनं हातानं बुरशी टाकली झाडाला! म्हटलं, लय पसरायच्या आत मारून टाकू. चुना नव्हता, नुसतंच मारलं. दोन ओळींत संपलं."

मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट, बुरशी मारायचं औषध; चुन्यात कालवल्याशिवाय मारलं तर ते पानं जाळतंच. मी त्या मातीत चक्क फतकल मारून बसले. माझ्या कुंड्यांमधून कुठला रोग गेलाच नव्हता. भाऊंना वाटलं मला चक्कर आली, ते तांब्या घेऊन धावले.

मग आम्ही तिघांनी नीट पाहिलं. लीलाबाईंना आठवलं, माझी माती कमी पडल्याने खालच्या ओळीतल्या शेवटच्या चार रोपांना ती मिळालीच नव्हती. ती चार गुडघ्याखाली होती, शेजारची मांडीला लागत होती. एक रोप कडेने उकरलं, तर बारीक मुळांना चिकटलेली माती झटकली तरी सुटेना, बुरशीच्या धाग्यांनी ती धरून ठेवली होती. करपलेल्या रोपाची साल नखाने खरवडली. आत हिरवं!

"जगंल?" लीलाबाईंनी विचारलं.

"जगेल. नुसतं पाणी द्या, औषध नको."

भाऊंनी स्वतःच साल खरवडून आणखी पाच-सहा रोपं तपासली. प्रत्येक वेळी "हाय, हिरवं हाय" म्हणत राहिले.

मग जेवण झालं. नागलीची भाकरी, उडदाची आमटी, लसणाचा ठेचा. मी तीन भाकऱ्या खाल्ल्या. पाहुणे म्हणून जाणार असाल तर पैसे देऊ नका, कोणी घेणार नाही. गूळ-चहापत्ती घेऊन जा. आणि कॉफी प्यायला मिळेल ही आशा ठेवू नका, फळ यायला अजून दोन-तीन वर्षं आहेत. आम्ही कोरा चहा प्यायलो.

हिरव्या आणि करपलेल्या, दोन्ही ओळींतली थोडी मुळं सोबत आणली होती; सोमवारी कॉलेजात ती निळ्या रंगात रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. हिरव्या ओळीतल्या मुळात निळे धागे भरगच्च. करपलेल्या ओळीत कमी, पण होते. काचपट्टीचा फोटो भाऊंना पाठवला. त्यांचा लगेच फोन, "ही आपली का?" 'आपली' म्हणाले ते.

या प्रवासातून माझ्याजवळ एक शहाणपण राहिलं. मी लीलाबाईंना सगळं समजावलं होतं, पण त्या घरात बुरशीशी रोज लढणारा माणूस आहे हे विचारलंच नव्हतं. आता कुणालाही माती देताना पहिला प्रश्न तोच असतो: तुमच्याकडे फवारणी कोण करतं? त्यांनाही बोलवा.