राणी नर आहे, आणि नाव राणीच राहणार

गटातल्या मंडळींनो, काल मी माझ्या राणीचा फोटो टाकला होता. राणी म्हणजे माझ्या टाकीतला ॲक्सोलॉटल, पाण्यातच राहणारा चार पायांचा प्राणी. नर की मादी आणि वय किती, एवढंच विचारलं होतं.

इथल्या एका जाणकारांनी वरून काढलेल्या त्या फोटोवर निकाल दिला: मादी, बरोबर आठ महिने. वर इनबॉक्समध्ये, "जोडीला माझ्याकडचा नर घ्या." मी शंका काढली तर म्हणाले, "ताई, तुम्ही तुमच्या गावी परंड्यात बैलच पाळा."

मग आज सकाळी टाकी बैलवाल्यालाच दाखवली. माझे अप्पा, जन्मभर बाजारात बैल पारखलेले.

"वरून काय बघतीस? मागून बघ की."

मोबाईल काचेला लावून मागून फोटो काढला. मागच्या पायांमागं, शेपटीच्या बुडाशी चांगला ठळक फुगवटा! नराची खूण हीच असते.

"आणि वय, अप्पा? कित्येक महिने झाले, लांबी वाढलीच नाही."

"मग वाढ पुरी झाली. बैलाचे समदे दात आले की तो जुळला म्हणायचं. त्याच्याफुडं नेमकं वय कुणालाच कळत न्हाय. तरीबी जो महिने मोजून सांगतो, त्यो इकायला आलेला असतो."

तर राणी नर आहे, पूर्ण वाढलेला आहे, वय माहीत नाही. आणि नाव मी बदलणार नाही.

जाणकार साहेब, तुमच्याकडचा तो 'नर' कुणाच्या गळ्यात मारण्याआधी एकदा मागून बघून घ्या.