किशोर सरांची ताडपत्री

अमरावतीच्या ज्या कोचिंग क्लासचं ऑफिस मी सांभाळतो, तिथे किशोर सर इंग्रजी शिकवतात. दर्यापूरजवळच्या खेड्यातले, भाजीपाला पिकवणाऱ्या घरातले. वडील खुशालराव लवकर गेले. आई गोदाबाईंनी वांगी-मेथी विकून मुलाला एम.ए. केलं.

सरांचा एक तास मुलं दाराबाहेर उभी राहूनही ऐकतात. फळ्यावर ते 'डर्ट' लिहितात आणि अर्थ विचारतात. मुलं ओरडतात, "घाण!"

"अमेरिकेतला शेतकरी म्हणेल, माती. आणि हजार वर्षांमागे समुद्रावरून जे उत्तरेकडचे लोक इंग्लंडात आले, ते म्हणतील, शेण, विष्ठा. त्यांचा शब्द 'द्रित'. तिथून हा शब्द मातीपर्यंत पोचला. आपलं शेणखत दुसरं काय करतं?"

टाळ्या पडतात. गणिताच्या रागिणी मॅडमनीही एकदा वाजवल्या होत्या. पुढे दोघांचं जुळलं. दिवाळीत मॅडमचे वडील शेषराव परतवाड्याहून घर पाहायला येणार असं ठरलं, तेव्हा वडीलधारं माणूस म्हणून सरांनी मला सोबत नेलं.

सकाळीच पोचलो. अंगणापलीकडे यांचा शेणखताचा उकिरडा. सरांनी त्यावर सोयाबीन झाकायची ताडपत्री ओढली, पुढे झेंडूच्या कुंड्या मांडल्या आणि आईला बजावलं, "यावर्षी तिथं दिवा ठेवू नको."

दिवाळीत तुळस, विहीर, गोठा आणि उकिरडा, इतक्या ठिकाणी दिवा लावल्याशिवाय गोदाबाई जेवत नाहीत. पण "बरं," म्हणाल्या.

संध्याकाळी पाहुणे आले, सोबत रागिणी मॅडमही. चहा होईतो दिवे लागले. रागिणी मॅडमनी विचारलं, "काकू, उकिरड्यावर नाही ठेवत? आमच्याकडे पहिला तिथंच."

"नाही आमच्याकडे पद्धत," सरच बोलले.

शेषरावांचं लक्ष कुंड्यांमागे गेलं. "मंग हे काय झाकलं जी? खतच दिसून राहिलं. चोर पडते का काय त्याच्यावर?"

"मीच झाकलं, भाऊ," गोदाबाई घाईनं म्हणाल्या. "पाहुण्याईच्या डोळ्यासमोर नको म्हटलं. मलेच लाज वाटली."

सरांनी कप बशीत ठेवला. मी त्यांच्याकडे पाहिलंच नाही.

"तिनं नाही," सर म्हणाले. "म्या झाकलं."

क्लासमध्ये त्यांच्या तोंडून 'म्या' मी कधी ऐकलं नव्हतं.

"कावून सांगतलं रे?" गोदाबाईंचा आवाज चिरका झाला. त्या पदर डोळ्याला लावून आत गेल्या. आता लेकासोबत त्याही पाहुण्यांपुढे खोट्या पडल्या होत्या.

सर उठले. ताडपत्री ओढून काढली, देवघरातून पणती आणून उकिरड्यावर ठेवली आणि तिथेच पाठमोरे उभे राहिले. रागिणी मॅडम बोलवायला गेल्या, "सर, जेवायला चला." ते आले, पण जेवताना त्यांनी मान वर केली नाही.

आठवड्यानं परतवाड्याहून होकार आला. मी पेढे मागितले. सर माझ्या टेबलापाशी खुर्ची ओढून बसले.

"काका, आईची माफी मागायला गेलो होतो. म्हणते, कायची माफी? तू काही केलंच नाही. आता मी माफी कोणाजवळ मागू?"

मी हजेरीचं रजिस्टर त्यांच्यापुढे सरकवलं. बाहेर त्यांच्या तासाची मुलं जमत होती.