काळेकाकांचं इन्स्पेक्शन

इंद्रपुरीत माझा स्किनचा दवाखाना आहे. दिवसभर लोकांची कोपरं, नखं न्याहाळायची, की किस्से आपोआप साठतात. कोंड्यासारखे. झटकावेत तेवढे कमीच!

त्यातले मानकरी आमचे काळेकाका. कारखान्यातून इन्स्पेक्टर म्हणून रिटायर झालेले. स्वतः तपासल्याशिवाय कशालाच 'पास' म्हणायचे नाहीत.

*

पहिल्यांदा काकूच त्यांना घेऊन आल्या. "कोपरांवर पांढरे पापुद्रे येतात हो." बघते तर कोपरं लालभडक, पापुद्रा एकही नाही!

"डॉक्टरकडे मळकट कोण जातं? वजरीने घासून चकाचक करून आलो!"

"काका, पुरावाच धुतलात की! आता आठवडाभर घासायचं नाही."

*

पुढच्या वेळी पापुद्रे होते. मी नखं पाहिली, मग कानांमागे पाहिलं.

"कंप्लेंट कोपराची, आणि चेकिंग कानाचं?"

"तुम्ही एकच पार्ट बघून मशीन पास करायचात?"

काका खूश! पण मी 'सोरायसिस' म्हटलं आणि त्यांचा चेहरा उतरला. घरी चार महिन्यांची नात होती. आपलं तिला लागेल या भीतीने त्यांनी तिला एकदाही घेतलं नव्हतं. ऐकून मला फार वाईट वाटलं.

"खुशाल घ्या. हा शिवण्याने पसरत नाही. फक्त औषध चालू ठेवावं लागतं."

"म्हणायला काय जातं," काका पुटपुटले.

*

मलमाने फरक पडला. मग दोन महिने काका गायब! आले ते दुप्पट चट्टे घेऊन.

"बरं वाटलं, बंद केलं."

"बरं वाटलं म्हणून बीपीची गोळी बंद करता का?"

काकांनी काकूंकडे चोरून पाहिलं. "तीपण केली."

*

तेव्हापासून एक नवीनच सुरू झालं. खुर्चीत बसण्याआधी काका म्हणायचे, "मॅडम, आधी तुमचे हात दाखवा." मग चष्मा सावरून माझी कोपरं दिव्याखाली उलटसुलट बघायचे.

"भविष्य बघताय का?"

"दुसरा हात!" काका म्हणायचे. मला राहवेना. शेवटी काकूंना गाठलं.

"काय की बाई! घरी सारखं म्हणतात, ही पोरगी ग्लोव्हज न घालता मला हात लावते."

*

परवा काका आले. चट्टे निवळलेत, पण आहेत. सोबत काकू, कडेवर नात. काकांनी माझी कोपरं पाहिली, एकेक नख पाहिलं. मग म्हणाले, "जरा मान वळवा." कानांमागेही पाहून घेतलं!

"पास!"

आणि काकूंकडे वळून दोन्ही हात पुढे केले. "आण इकडे तिला."