राजीनाम्याला पडलेल्या टाळ्या

सुनीती श्यामकांत देशकर, माहेरच्या इंदू वऱ्हाडपांडे. जन्म अचलपूर, १९५२. मृत्यू रायपूर, २०१३. डाव्या पायाला पोलिओ, त्यावर लोखंडी कॅलिपर, हातात कुबडी आणि स्वभावात विलक्षण अधीरता, एवढे सामान घेऊन त्या रेल्वेतील पतीच्या बदलीबरोबर रायपुरात आल्या. रायपूर नुकतेच नव्या राज्याची राजधानी झाले होते. जुन्या इमारतींवर नव्या खात्यांच्या पाट्या चढत होत्या आणि कोणते खाते कोठे बसते हे तेथील चपराशालाही नीट सांगता येत नसे. अपंगत्वाचा दाखला देणारे वैद्यकीय मंडळ मात्र कोठे बसते हे पक्के होते: दुसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नव्हती.

पहिल्या खेपेस बाई जिना चढल्या. दुसऱ्या खेपेस चढल्या नाहीत, कारण पायऱ्यांवर त्यांना हिरालाल दिसला. शहराबाहेरच्या उरला औद्योगिक वसाहतीतील रोलिंग मिलमध्ये त्याचा पाय गेला होता. शेजारच्या बीरगाव या कामगारवस्तीतून तो दाखल्यासाठी आला होता आणि बसल्या बसल्या एकेक पायरी वर सरकत होता.

"ऊपर मत जाओ, भैया," बाई म्हणाल्या. "यहीं बैठेंगे. उतरेंगे वो लोग."

दोघे पायरीवर बसले, मग आणखी काही जण बसले. संध्याकाळी डॉक्टरांना उतरावेच लागले, कारण घरी जायला दुसरा जिना नव्हता. त्या बैठकीतून 'समपथ' ही संस्था निघाली. मंडळ तळमजल्यावर आणावे आणि दरमहा एकदा बीरगावला शिबिर घ्यावे, असा अर्ज संस्थेने न्यायालयात केला.

खात्याने अर्जाला उत्तर दिले नाही. संस्थेला अनुदान दिले. पाठोपाठ बाईंना सल्लागार समितीवर घेतले. तात्यापारा मोहल्ल्यातल्या एका खोलीची कचेरी झाली. क्षमा नावाची हुशार मुलगी व्यवस्थापक म्हणून आली. जीप आली, आणि जीपवर खात्याचे नावही आले. अर्ज तेवढा तारखांवर तारखा घेत राहिला.

एकदा हिरालाल त्या जीपकडे पाहत म्हणाला, "दीदी, अब तुमन जीप म आथव. सीढी म कोन बइठही?"

बाई हसल्या खऱ्या, पण पायरीवर आता कोण बसणार हा प्रश्न त्यांना बोचत राहिला. घरी त्यांच्या येरझाऱ्या सुरू झाल्या.

"अवं, बस ना एका जागी," श्यामकांतराव वैतागले. "फरशी फोडून राहिली काय?"

"मले बसवतच नाही. अनुदान घेतल्यापासून मी त्या साहेबाले 'जी सर, जी सर' करून राहिली."

"मग सोड ना ते समिती. काहून अडकून पडली?"

समितीच्या पुढच्या बैठकीत खात्याच्या साहेबांनी विषय काढलाच. नवे पुनर्वसन केंद्र चालवायला 'समपथ'कडे देता येईल. फक्त न्यायालयातील प्रकरण आपसांत मिटावे. बाईंचा पारा चढला. त्या कुबडीवर भार देऊन उभ्या राहिल्या आणि रागाच्या भरात हिंदी बोलताना जिभेवर आईच्या भाषेतला शब्द आला.

"बस्स हो गया! मैं राजीनामा देती हूं!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. साहेब उठून आले, त्यांनी हात जोडले, चपराशाला पेढे आणायला पिटाळले. आपण पद सोडल्याचा इतका आनंद करणारी माणसे बाईंनी जन्मात पाहिली नव्हती. पेढ्याला हात न लावता त्या बाहेर पडल्या.

सकाळी श्यामकांतराव हिंदी पेपर घेऊन आले. "अवं, 'समपथ और शासन में राजीनामा' असं छापलं हाय. राजीनामा तर तुझा होता. यात शासन कुठून आलं?"

बाईंच्या हातातला चहा तसाच राहिला. मराठीत राजीनामा म्हणजे पद सोडणे. इकडच्या कोर्टकचेऱ्यांच्या हिंदीत राजीनामा म्हणजे आपसांतील तडजोड. पद सोडणे म्हणजे इस्तीफा. एवढ्या वर्षांत हे त्यांच्या कानावरून शंभरदा गेले असेल, पण ऐन वेळी आठवले नाही.

तेवढ्यात क्षमा हर्षभरित होऊन आली. खरा प्रकार ऐकल्यावर ती हलक्या आवाजात म्हणाली, "दीदी, किसी को पता तो नहीं है. रहने दीजिए ना. सेंटर मिल जाएगा, बोर्ड भी शायद नीचे आ जाए. सबकी नौकरी बचेगी."

"और बीरगांव का क्या?"

क्षमाचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते, आणि म्हणूनच बाईंना ते सहन होईना. त्या जीप न घेता, रिक्षाने, बीरगावला गेल्या.

हिरालालने पेपर वाचून घेतला होता. त्याने 'बसा'देखील म्हटले नाही.

"राजीनामा कर डारेव, दीदी?"

"किया नहीं, भैया. दिया था."

"एके बात ए."

बाई त्याच्या उंबऱ्यावरच बसल्या आणि टाळ्या, पेढे, सगळे सांगितले. पेढ्यांपाशी हिरालालला हसू आवरेना. मग म्हणाला, "त ए बात जज ला बतावव."

तारखेला सरकारी वकिलांनी तडजोड झाल्याचे निवेदन केले. बाई उभ्या राहिल्या. "साहब, हमारी भाषा में राजीनामा माने पद छोड़ना. मैंने कुर्सी छोड़ी थी, मुकदमा नहीं." मागे क्षमा बसली होती, तिच्याकडे पाहण्याचे बाईंनी टाळले. न्यायाधीशांनी तो शब्द पुन्हा विचारला, लिहून घेतला आणि तडजोड नोंदवण्यास नकार दिला.

अनुदान बंद झाले. जीप गेली. क्षमाने दुसऱ्या संस्थेत नोकरी धरली आणि पुन्हा बाईंकडे आली नाही. त्याचे त्यांना अखेरपर्यंत वाईट वाटे. निकालानंतर मंडळ तळमजल्यावर आले. बाईंनी नंतर लेखी दिलेला समितीचा खरा राजीनामा मात्र मंजूर झाल्याचे कोणी कधी कळवले नाही. बैठकीची निमंत्रणे घरी येत राहिली आणि बाई कागदोपत्री सदस्य म्हणूनच वारल्या.

बीरगावच्या शिबिराबाबत आदेशात 'सुविधानुसार', म्हणजे खात्याच्या सोयीने, असा शब्द पडला होता. ती सुविधा बाईंच्या हयातीत झाली नाही. संस्थेचा अध्यक्ष आता हिरालाल आहे, आणि त्या एका शब्दाविरुद्ध त्याने नवा अर्ज दाखल केला आहे.